तिसरा ठिपका

त्या दिवशी दुपारपर्यंत वडिलांनी चार वेळा चहा मागितला होता आणि आईने दोनदाच दिला होता. म्हणजे दिवस अगदी रोजच्यासारखा होता.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रक बॉनेट वर करून उभा होता, दातांच्या डॉक्टरापुढे आ वासून बसलेल्या माणसासारखा. ट्रक मुलीपेक्षा दोनच वर्षांनी लहान. मुलीने चाळिशी ओलांडली आणि तिला चष्मा लागला. ट्रकला त्या आठवड्यात उकळ्या फुटायला लागल्या. रेडिएटरमधलं पाणी कुठे जातंय ते कळेना, आणि तेलाची पट्टी ओढून पाहिली तर तेल दुधाळ. "इथे पाणी मुरतंय," वडील म्हणाले. एवढी जुनी म्हण आपल्या घरी शब्दशः खरी ठरली याचा त्यांना इतका आनंद झाला, की इंजिन खोलावं लागणार याचं दुःख तासभर मागे पडलं.

आता इंजिनाची दोन्ही हेडं काढून शेडमधल्या लाकडी टेबलावर ठेवली होती. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. कुकरचं झाकण नीट बसलं तरच वाफ आत राहते, तसंच हे. फक्त वजन असं की एकट्याने उचललं तर कंबर धरून बसावं लागतं. या ट्रकला सहा सिलिंडर, तीन-तीनवर एक अशी दोन झाकणं. पुढचं तब्येतीला ठणठणीत होतं. भानगड मागच्यात होती.

"धर बॅटरी. तिकडे नाही, इकडे. अगं मास्तरीणबाई, माझ्या तोंडावर नको. तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही."

मुलगी मास्तरीण नव्हती. एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, अशी वडील तिची चारचौघांत ओळख करून देत आणि स्वतःच हसत. रविवारी ती आईवडिलांकडे यायची आणि जेवण झालं की शेडमध्ये जाऊन बॅटरी धरायची. लहानपणापासूनचं काम, बढती कधी मिळाली नाही.

वडिलांनी हेडचा सपाट भाग रॉकेलच्या फडक्याने पुसला, कोरडा केला आणि त्यावर खडू फासला. कुठे बारीक तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल सावकाश बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. दोघं दहा मिनिटं त्या पांढऱ्या तुकड्याकडे टक लावून बसली. रेघ उमटली नाही.

"तडा नाही," वडील म्हणाले. मग पोलादी पट्टी आडवी ठेवून तिच्याखालून त्यांनी एक पातळ पत्ती सरकवून पाहिली. दोन सिलिंडरच्या मध्ये पत्ती सुळकन आत गेली. "बघ. मोडलं नाही, वाकलंय. माणसाचं बरं असतं, मोडेन पण वाकणार नाही म्हणून मिरवता येतं. याला बिचाऱ्याला दोन्हीची चोरी."

वाकलेल्या हेडला औषध नाही असं नाही. मशीनवर चढवून वरून तीन केसांच्या जाडीएवढा थर घासून काढला, की ते पुन्हा सपाट होतं. याला फेसिंग म्हणतात. पण दर वेळी हेड तेवढं बारीक होतं, आणि प्रमाणाबाहेर बारीक झालं तर चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग केलेलं सगळं मुसळ केरात. म्हणून वडिलांचा नियम होता: फेसिंग तीनदा, चौथ्यांदा नाही. आणि कितव्यांदा झालं ते लक्षात राहावं म्हणून दर फेसिंगनंतर ते हेडच्या कडेवर पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा टेकवून हातोडीचा एक टोला मारायचे. मोहरीएवढा खोलगट ठिपका उमटायचा. वहीत लिहिलं तर वही हरवते, ते म्हणत, हेड कुठे जातंय?

पुढच्या हेडवर एक ठिपका होता. मागच्यावर तीन.

वडिलांनी तिन्हींवरून अंगठा फिरवला. "हा तिसरा मी कधी मारला ते अजून आठवत नाही बघ. आणि पडलाय कसा, तिरका. तेव्हापासूनच हात कापत असणार माझा."

मुलीने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

ती नऊ वर्षांची असताना हेच हेड दुसऱ्यांदा मशीनवरून आलं होतं. वडिलांनी दुसरा ठिपका मारला, पंच आणि हातोडी टेबलावरच ठेवली आणि आत चहा प्यायला गेले. टेबलाशी स्टूल होतं. स्टुलावर चढलं की हेड बरोबर छातीच्या उंचीला येत होतं. तिने पंच धरला, वडील धरायचे तसा चिमटीत, आणि एक टोला मारला. एकच. लोखंड एवढं मऊ असेल असं तिला वाटलं नव्हतं. आपल्या हाताने ठिपका उमटला याचा आनंद अर्धा क्षण टिकला. मग तिने पंच होता तिथे ठेवला, स्टूल होतं तिथे सरकवलं आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसली. वडिलांनी दुसऱ्या दिवशी हेड बसवलं. कडेकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते चार वर्षांनी, व्हॉल्व्हच्या कामासाठी हेड पुन्हा उतरवलं तेव्हा. वडील त्या तीन ठिपक्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग डोकं खाजवून म्हणाले, "कमाल आहे. तिसऱ्यांदा झालं आणि मला पत्ताच नाही!" तेव्हा तेरा वर्षांची मुलगी बॅटरी धरून शेजारीच उभी होती. तोंड उघडायला तेवढी वेळ बरी होती. पण तिने तोंडात गुळणी धरली, आणि ती अजून सुटली नव्हती.

त्या दिवसापासून वडिलांनी मालाच्या फेऱ्यांचा रोजचा घाट सोडला. ज्या गाडीच्या हेडला आता पुन्हा मशीन लागणार नाही, तिला चढावर तापवायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. डोंगराला वळसा घालून जाणारा सपाट रस्ता होता; जाताना दोन तास जास्त, येताना दोन तास जास्त. संध्याकाळी घरी असणारे वडील मुलगी झोपल्यावर यायला लागले. तिच्या शाळेतल्या नाटकाला ते पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता. ते त्याला खुर्च्या उचलू लागले, आणि मग घरी येऊन म्हणाले, "शेवट छान झाला."

आणि घरात त्या तिसऱ्या ठिपक्याची थट्टा सुरू झाली. किल्ली सापडली नाही, चष्मा डोक्यावर राहिला, की आई म्हणायची, "अहो तीन ठिपके, इकडे बघा." वडीलही हसायचे. पण पुढे ते किराणा आणायला जाताना यादी करून न्यायला लागले. मग खिशात छोटी वही आली. आपलं डोकं भरवशाचं नाही, ही गोष्ट त्यांनी मुकाट्याने मान्य करून टाकली होती. पन्नाशीही गाठली नव्हती तेव्हा त्यांनी.

एक दिवस दडवलेली गोष्ट सांगायला एक मिनिट पुरतं. तीस वर्षं दडवलेली सांगायची तर आधी तीस वर्षांचा जाब द्यावा लागतो. मुलगी दर रविवारी तो जाब मनात जुळवायची आणि दर रविवारी संध्याकाळी तसाच घरी घेऊन जायची.

"मग काय करायचं?" तिने विचारलं.

"तेच तर. तीन ठिपके नसते तर उद्याच मिस्त्रीकडे टाकून आलो असतो. आता बदलायचं म्हटलं तर या गाडीची अस्सल हेडं बनायची बंद होऊन जमाना झाला. मिळतं ते नकली ओतकाम. दिसायला नवरदेव, पण पहिल्या उन्हाळ्यात चिरतं." त्यांनी हेडवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "आणि नाही बदलायचं तर गाडीच मोडीत काढायची."

"बाबा."

"काय गं?"

कुणीही मध्ये आलं नाही. फोन वाजला नाही, आईने हाक मारली नाही. शेडमध्ये दोघंच होती, आणि वडिलांच्या कपाळावर खडूचं बोट उमटलं होतं.

"तुमच्या कपाळाला खडू लागलाय," मुलगी म्हणाली.

त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. खडू आणखी पसरला. "राहू दे आता. उद्या ठरवू," ते म्हणाले, आणि आत बघून ओरडले, "अगं, चहा देणार आहेस का मिस्त्रीकडे जाऊन पिऊ?"

पहाटे झोपेतच ते गेले. कुणाला हाकसुद्धा मारली नाही.

*

तीन आठवडे ती दोन हेडं टेबलावर तशीच पडून होती. मागच्यावरचा खडूही कुणी पुसला नव्हता.

भेटायला येणारे कमी झाले, तेव्हा एका दुपारी वकील आला. वकील म्हणजे ट्रकचा दुसरा ड्रायव्हर. गेली बारा वर्षं वडिलांबरोबर आलटून पालटून गाडी चालवायचा. कुठल्याही गोष्टीला उलट बाजू असते असं त्याचं ठाम मत असल्यामुळे वडिलांनीच त्याला ते नाव दिलं होतं. त्याच्या मागोमाग मिस्त्री आला, हातात लांबट लाकडी पेटी घेऊन. मिस्त्री वडिलांच्या वयाचा. आयुष्य मशीनच्या घरघरीत गेल्यामुळे तो सगळ्यांशी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलायचा. आज मात्र फाटकातून आत आल्यावर तो बराच वेळ काहीच बोलला नाही. वडिलांची रिकामी खुर्ची ओलांडून टेबलाशी गेला.

"ताई, मी सरळ बोलतो," वकील म्हणाला. "गाडी उभी राहून महिना होत आला. मला दुसरीकडे बोलावणं आहे, पण जावंसं वाटत नाही. मी एका माणसाला सांगून ठेवलंय. उद्या सकाळी तो नवी दोन्ही हेडं घेऊन येतो आणि ही भंगारात नेतो. आईंना विचारलं, तर त्या म्हणतात मुलीला विचार."

आई शेडच्या दारात उभी होती. "मला त्यातलं काय कळतंय? यांच्याबरोबर बॅटरी धरून तीच उभी असायची."

"नवी म्हणजे नकली ना?" मुलीने विचारलं.

"नकलीच. पण जपून चालवीन. मालक जायचे तसा लांबच्या रस्त्याने जाईन, घाटाचं नाव घेणार नाही." वकील जरा थांबला. "घरी सांगून टाकलंय तसं. आमची धाकटी रुसलीय. म्हणे, मग तू येशील तेव्हा मी झोपलेली असणार."

मुलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मिस्त्रीकाका," ती म्हणाली, "दोन्ही हेडांची जाडी मोजाल?"

"मोजून काय करू? नवं होतं तेव्हा किती होतं ते सांगणारं पुस्तक कुणाकडे आहे? गाडी बनवणारेच राहिले नाहीत."

"पुस्तक नको. एकमेकांशी ताडून बघा. पुढच्याला एक ठिपका आहे, मागच्याला तीन. तुम्ही एका वेळी किती घेता?"

"पाव मिलिमीटर. माझा हात ठरलेला आहे. विचार कुणालाही."

"मग दोघांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडायला हवा."

मिस्त्रीने तिच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. "बापाची पोर आहेस," तो म्हणाला आणि पेटी उघडली. आत मखमलीवर मोठा मायक्रोमीटर निजला होता. मिस्त्रीने आधी रुमालाने हात पुसले, मग हेडचे कोपरे. प्रत्येक हेड चार ठिकाणी मोजलं. तो आकडे ओरडायचा आणि मुलगी ते खडूने टेबलावर लिहायची. कुणी मागितलेला नसताना आईने दुपारपासूनचा चौथा चहा आणला आणि ट्रे धरून तशीच उभी राहिली.

आकडे लिहून झाले. मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने आठही मापं पहिल्यापासून पुन्हा घेतली.

"पाव," तो म्हणाला. या खेपेला तो ओरडला नाही. "पावच फरक आहे. अर्धा नाही."

"म्हणजे?" वकिलाने विचारलं.

"म्हणजे माप म्हणतंय की मागचं हेड दोनदाच मशीनवर चढलंय. अजून एक फेसिंग निघतं. व्हॉल्व्ह घासू, सीटा बदलू, नवी गॅस्केट टाकू. हे हेड तुला आणि मला दोघांना पोचवून येईल."

"मग झालं की! लावा मशीनला."

"झालं कसं?" मिस्त्री स्टुलावर बसला. तेच स्टूल. "हा ठिपका काय म्हणतोय? तीन. मापाला मी मानतो. पण या माणसाला मी चाळीस वर्षं ओळखतो. काम झाल्याशिवाय त्याने कधी ठिपका मारला नाही. कदाचित त्या वेळी मीच कमी घेतलं असेल. कदाचित पुढच्याला एकदा जास्त घासलं असेल. माप आणि त्याचा ठिपका यांचं भांडण लागलं, तर मी ठिपक्याच्या बाजूने."

"मिस्त्री, हा तुमचा हट्ट झाला," वकील म्हणाला.

"झाला. घाटात व्हॉल्व्ह आदळला तर आत मी नसेन, तू असशील. अंदाजावर मी मशीन लावत नाही."

मग मिस्त्रीच खाली बघून म्हणाला, "आणि एक सांगतो. पोटात ठेवून आता उपयोग नाही. फार वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, तिसऱ्यांदा तू हे कधी केलंस रे? मला कुठलं आठवायला! दिवसाला दहा हेडं हाताखालून जायची. पण त्याचा चेहरा असा पडला होता, की मी म्हटलं, केलं होतं की, विसरलास होय? मला वाटलं, त्याच्या जिवाला बरं वाटेल. एवढंच बोललो मी. त्याने मान डोलावली आणि गेला. तेव्हापासून त्याने घाट सोडला."

आईने ट्रे टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. "मीच त्यांना तीन ठिपके म्हणायचे," ती म्हणाली. "जायच्या आधल्या दिवशीसुद्धा म्हटलं. दुसऱ्या चहाला."

एका ठिपक्यापायी दोघंजणं आपापला वाटा उचलायला निघाली होती. मुलीला वाटलं, आता आपण गप्प राहिलो तरी खपून जाईल. उद्या सकाळी माणूस येईल, हेडं टेम्पोत चढतील, भट्टीत वितळतील. वकील लांबच्या रस्त्याने जाईल. आई उरलेलं आयुष्य तो दुसरा चहा आठवत राहील. आणि एक चांगला माणूस आपलंच केलेलं विसरला होता, ही गोष्ट सगळ्यांच्या लेखी कायमची खरी होऊन बसेल. बाबांना आतून ठाऊक असेल, ठिपका तिरका पडलेला बघून त्यांनी ओळखलं असेल, अशी मनाची समजूत तिने तीन आठवडे घालून पाहिली होती. ती पटत नव्हती. ओळखलं असतं तर ते हसत हसत घाटातून गेले असते आणि दिवेलागणीला घरी आले असते.

ती टेबलाशी गेली. हेडवर वडिलांच्या हाताचा खडू होता. तिने कडेवर अंगठा ठेवला. पहिला ठिपका सरळ, दुसरा सरळ. तिसरा तिरका, एका बाजूला जरा जास्त खोल. स्टुलावर चढलेल्या मुलाचा हात वरून नाही, बाजूने येतो.

"मिस्त्रीकाका, हे उद्या मशीनवर चढवा," ती म्हणाली.

"अगं पण कशाच्या भरवशावर? दोनदाच झालंय असं छातीठोक कोण सांगणार मला?"

"मी सांगते."

तिने मिस्त्रीकडे पाहिलं नाही. ट्रेजवळ उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं.

"आई, बाबा काहीही विसरले नव्हते. तो तिसरा ठिपका मी मारला होता."